रिकामे भांडे

आमच्या लहानपणी घराघरांत एक न लिहिलेला नियम होता. शेजारणीने वाटीभर आमटी, चार घारगे किंवा नव्या लोणच्याच्या फोडी पाठवल्या, तर तिची वाटी रिकामी परत पाठवायची नाही. घरात काही केलेले नसले तर चिमूटभर साखर घालायची, पण भांडे मोकळे न्यायचे नाही. असे का, हे कोणी समजावून सांगत नसे. विचारलेच तर ‘रिकामं भांडं देऊ नये, एवढं कळत नाही का?’ असे उत्तर मिळे आणि विषय संपे.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले आमचे गाव. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यामुळे पगार होता, पण पगार देऊन विकत घ्यावे असे बाजारात फारसे काही नव्हते. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता तुटायची. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत होती. त्या दिवसांत एखादी हिरवी काडी दिसली, तरी नजर तिथे थबके.

गावाच्या टोकाला एक लहानसे चर्च होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले; त्यानंतरच्या काळात त्या भागात खेडोपाडी अशी चर्चे उभी राहिली. आमच्या चर्चच्या आवारात खोल विहीर होती आणि तळाशी का होईना, तिला पाणी टिकून होते. त्या पाण्यावर पाळकबाईंनी मेथी, माठ, कांद्याची पात असे चार वाफे धरले होते. आठवड्यातून दोनदा त्या गावातल्या काही घरी एकेक जुडी पोचवत. त्यांत आमचे घर होते. जुडी आणायला मी जाई. बाई कधी ‘घेऊन जा’ म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, ‘आईला सांग, यंदा मेथी फार आली बघ. वाया जाईल, म्हणून देते.’ दुष्काळात मेथी फार कशी येईल, हे मला त्या वयातही कळत होते.

घरी आल्यावर आईची खरी पंचाईत सुरू होई. टोपली परत करायची, पण तिच्यात घालायचे काय? एकदा तर खरोखरच काही नव्हते. आई बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मग ट्रंक उघडून तिने आपले एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले पातळ काढले, त्याचे चार तुकडे फाडले, घडी घातली आणि टोपलीत ठेवली. पाळकबाईंची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाईंनी ती घडी गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, ‘एवढं मऊ कापड बाजारात मिळतं होय?’ त्या दिवशी आई पहिल्यांदा मेथी निवडताना गुणगुणताना दिसली.

हे सगळे पन्नास वर्षांनी आठवायला कारण झाली दुसऱ्याच एका चर्चची बाग. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा दिवस कसा जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. सकाळी साडेआठला घर रिकामे होते आणि मग भिंतीवरचे घड्याळ व आपण असे दोघेच उरतो. मी चालायला बाहेर पडू लागलो. घरापासून दहा मिनिटांवर एक जुने चर्च होते. त्याच्या मागच्या बाजूला आठ फूट उंच जाळीचे कुंपण आणि आत वाफे दिसले. फाटकावर पाटी होती. तिचा अर्थ एवढाच, की इथली भाजी शेजाऱ्यांसाठी आहे.

कुंपण चोरांसाठी नव्हते, हरणांसाठी होते. त्या राज्यात हरणे भरवस्तीत येऊन टोमॅटोच्या रोपांचा फडशा पाडतात. शिवाय घुशीचा थोरला भाऊ शोभावा असा एक ग्राउंडहॉग नावाचा प्राणी खालून भोके पाडून येतो, म्हणून जाळी जमिनीतही पुरलेली. वाफे जमिनीत नव्हते. चार फूट रुंद व आठ फूट लांब लाकडी चौकटी करून त्यांत विकतची माती आणि कुजवलेले खत भरले होते. असे चोवीस वाफे. याचे कारण मला नंतर कळले. जुन्या घरांच्या रंगात शिसे असे. १९७८ मध्ये घरांसाठी त्या रंगावर बंदी आली, पण त्याआधी निघालेले पोपडे आणि गाड्यांच्या धुरातले शिसे आजही शहरी जमिनीत आहे. म्हणून आधी माती तपासायची आणि शंका आली तर वर उचललेले वाफे करायचे, ही तिथली रीत.

बागेचे सगळे एक निवृत्त परिचारिका पाहत. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांना कातडी गाद्या बांधून त्या वाफ्याशी बसत. मी दोन-तीन दिवस कुंपणाबाहेर रेंगाळताना पाहून त्यांनी मला आत बोलावले आणि पूर्वी काय करत होतात, असे विचारले. मी म्हणालो, बँकेत होतो. त्या हसल्या आणि त्यांनी मला वजनकाटा व एक वही दिली. बुधवारी आणि शनिवारी सकाळी भाजी तोडायची, वजन करायचे, वहीत लिहायचे आणि चर्चच्या तळघरातल्या धान्यकोठीत ठेवायची. तिथून दहा वाजता लोक घेऊन जात. मी पहिल्याच दिवशी विचारले, ‘नेणाऱ्यांची नावे कुठल्या रकान्यात लिहायची?’ त्या म्हणाल्या, ‘भाजीचे वजन लिहा. माणसांचे लिहीत नाही.’

हे ऐकून मी गप्प झालो, त्याला कारण होते. मी बँकेत लागलो तो कर्जमेळाव्यांचा काळ. मांडव, माइक, पाहुणे आणि एका रांगेत उभे केलेले लाभार्थी. म्हशीसाठी कर्ज घेणाऱ्याने म्हशीचे दावे धरून उभे राहायचे, मग छायाचित्र. अशाच एका मेळाव्यात एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि ‘बाई, पदर जरा खाली घ्या, फोटोत चेहरा यायला हवा’ असे तिला सांगणारा तरुण अधिकारी मीच होतो. कर्ज तिच्या हक्काचे होते आणि ते तिने फेडलेही. पण तिचा तो चेहरा त्या दिवशी आम्ही फुकट घेतला, असे मला नंतर वाटत राहिले आहे.

अडल्यानडल्यासाठी पिकातला वाटा ठेवावा, हा विचार काही अमेरिकेत जन्मला नाही. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, खाली पडलेले वेचून घेऊ नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावे, असा त्यात दंडक आहे. आपल्याकडे याला ‘सरवा’ म्हणतात. पीक निघाल्यावर रानात राहिलेली कणसे, शेंगा वेचायला बायका जात आणि कोणी त्यांना हटकत नसे. खळ्यावरून बलुतेदाराला त्याचा वाटा मिळे. बायबलमधली रूथ ही अशीच सरवा वेचायला गेलेली परदेशी विधवा. त्या गोष्टीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, की पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम गाळा, म्हणजे तिला ती वेचता येतील, आणि तिला टाकून बोलू नका. देणाऱ्याने आपले देणे सांडल्यासारखे दाखवायचे! आमच्या पाळकबाईंना ‘मेथी फार आली’ हे वाक्य कुठून सुचले, ते ही गोष्ट वाचताना मला कळले.

अमेरिकेतही या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १८९३ च्या मंदीनंतर डेट्रॉइट शहरात हजारो कामगार बेकार झाले. तिथले महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ मध्ये शहरातल्या पडीक जमिनी बेकार कुटुंबांना बटाटे लावायला द्यायची योजना काढली. लोकांनी थट्टा केली. निधीसाठी चर्चना आवाहन केले, तर तिथून अगदीच किरकोळ रक्कम आली. शेवटी पिंग्रींनी आपला आवडता घोडा लिलावात काढला. पहिल्याच वर्षी सुमारे ४३० एकरांवर नऊशेच्या वर कुटुंबांनी पीक घेतले आणि थट्टा थांबली. पुढे १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज चर्चच्या मदतीने जगातली पहिली ‘फूड बँक’ उभारली. दुकानाच्या कचऱ्यातून खाण्याजोगे अन्न निवडून मुलांना पोसणाऱ्या एका आईने त्यांना सुचवले होते, की ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे आणि ज्याला हवे त्याने काढावे, अशी अन्नाची बँक हवी. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे वाचून थोडे बरे वाटते. १९९५ मध्ये अलास्कातल्या अँकरेज येथील वृत्तपत्रातले बागकामाचे स्तंभलेखक जेफ लोव्हनफेल्स यांनी वाचकांना आवाहन केले, की तुमच्या बागेत एक ओळ भुकेल्यांसाठी लावा. ती कल्पना पुढे देशभर गेली.

तरीही मनात प्रश्न येतोच, की एवढ्या श्रीमंत देशात हे लागते कशाला? तिथल्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. सरकारी मदत आहे. पूर्वी ‘फूड स्टँप’ म्हणत, त्या योजनेला आता ‘स्नॅप’ म्हणतात. तिच्या पैशांतून भाजीची रोपे आणि बियाणेही घेता येते, ही सोय १९७३ पासूनची. पण ही मदत सर्वांपर्यंत पोचत नाही आणि कधी कधी अडकतेही. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचे कामकाज ठप्प होते, तेव्हा चार कोटींवर लोकांची ही रक्कम खोळंबली आणि धान्यकोठ्यांपुढे रांगा लागल्या. शिवाय कोठीत येते ते बहुधा डबाबंद. वाटाणे, मका, नूडल्स. पिशवीत ताजी हिरवी पालेभाजी क्वचित. ती जागा या बागा भरून काढतात.

आता त्या जूनमधल्या शनिवारविषयी सांगतो. मुळे काढायचा दिवस होता. तिथली मंडळी मुळा ठेवून पाला खताच्या ढिगावर टाकत होती. मी वजन करत असताना ढिगापाशी पंजाबी ड्रेस घातलेल्या, साठीच्या पुढच्या एक बाई वाकलेल्या दिसल्या. पाला निवडून पिशवीत भरत त्या स्वतःशीच पुटपुटल्या, ‘काय बाई, एवढा कोवळा पाला टाकून देतात!’

परमुलखात कानावर मराठी पडले, की माणसाला काय होते ते सांगायला नको. मी काटा सोडून पुढे झालो. ‘अहो, तुम्ही मराठी? कुठल्या आपण?’

‘कराडकडच्या,’ त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. ‘नातवंडाला हवाय म्हणून नेते. असंच... टाकून देत होते म्हणून.’ पिशवी पाठीमागे धरून त्या झपाट्याने फाटकाबाहेर गेल्या. पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. शनिवारी नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत.

मी परिचारिकाबाईंना घडले ते सांगितले. त्या बराच वेळ पेरलेल्या ओळीतली दाटी काढत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘इथे तिला कोणी ओळखत नव्हते. तुम्ही ओळखलेत.’ त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, पण मला तो लागला. ज्या बाईंना अमेरिकन माणसापुढे हात पसरायला जड गेले नसते, त्यांना माझ्यापुढे, म्हणजे कराडपर्यंत बातमी नेऊ शकेल अशा माणसापुढे, पिशवी धरायला लाज वाटली होती. मला हे आधी कळायला हवे होते. मिशनच्या विहिरीवरून मेथीची जुडी आणताना मास्तरांच्या घरचे कोणी पाहत तर नाही ना, म्हणून मीही मागच्या बोळाने येत असे.

त्यांची हकिगत मला पुढे तुकड्यातुकड्याने कळली. मुलगा संगणकाच्या कंपनीत होता आणि त्या वर्षीच्या नोकरकपातीत त्याची नोकरी गेली होती. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडायचा. अशा कुटुंबाला ‘स्नॅप’ही मिळत नाही. घरभाडे, मोटारीचा हप्ता आणि चार वर्षांचे मूल. सून बाळाचे दूध आणि आपली औषधे यांचा मेळ घालत होती. आपल्याकडे गावात ‘पोरगा अमेरिकेत’ एवढीच ओळख, त्यामुळे तिकडून पैसे मागवणे अशक्य. मध्यमवर्गीयाची गरिबी ही अशी असते. तिला ना रेशनकार्ड, ना रडायला जागा.

परिचारिकाबाईंनी एक दिवस मला सांगितले, ‘तुमच्या भाषेत एक चिठ्ठी लिहा. भाजी न्या, असे लिहू नका. ते त्यांना माहीत आहे. त्यांना जे येते आणि आपल्याला येत नाही, असे काही विचारा.’ मी लिहिले, ‘इथे मेथी लावायची आहे. आम्हां कोणाला नीट येत नाही. बी किती दाट पेरावे आणि खुडावी की उपटावी, ते दाखवायला याल का?’ बुधवारी कोठीतून पिशवी न्यायला त्यांची सून येई. तिच्या पिशवीत ती चिठ्ठी गेली.

शनिवारी बाई आल्या. एका हातात मेथीदाण्यांची पुडी आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. डब्यात मुळ्याच्या पाल्याची, डाळीचे पीठ पेरून केलेली भाजी होती. डबा परिचारिकाबाईंच्या हातात देत त्या मला म्हणाल्या, ‘त्यांना सांगा, टाकून देता त्याची अशी भाजी होते म्हणावं.’ मग एका वाफ्याशी बसल्या आणि बोटाने रेघा मारू लागल्या. त्या दिवसापासून तो वाफा त्यांचा. मेथी महिन्याभरात हाताला आली. कोठीतल्या फळीवर तिच्याखाली नाव लिहायला एक कार्ड लावले आणि त्यावर मी मराठीत ‘मेथी’ लिहिले. मुळ्याचा पाला त्यानंतर खताच्या ढिगावर गेला नाही. तो जुड्या बांधून फळीवर जाऊ लागला आणि त्याच्या जुड्या अगोदर संपू लागल्या.

या साऱ्यात धर्माचा भाग किती, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात आलाच असेल. आडून विचारण्यापेक्षा तो सरळ विचारलेला बरा. मी विचारला. भाजी नेणाऱ्यांना रविवारी प्रार्थनेला बोलावता का, असे. परिचारिकाबाई म्हणाल्या, ‘दार उघडे असते. पण टोमॅटोच्या पिशवीत पत्रक घालायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले आहे.’ आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ च्या सुमारास पुण्यात मोठे वादळ उठले होते. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली-बायकांना केडगावला आणले. तिथे त्या शेती, विणकाम, छपाई शिकल्या, स्वतःच्या हातांनी उभ्या राहिल्या. रमाबाईंच्या कार्याला अमेरिकेतल्या लोकांनी वर्षानुवर्षे पैसे पाठवले होते. धर्मांतराबद्दल ज्याचे त्याने मत ठेवावे. मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे हा मलाही व्यवहारच वाटतो, मग ती मागणारा कुठल्याही धर्माचा असो. पण आमच्या गावात त्या मेथीपायी कोणी धर्म बदलला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि कोणी काही मागितले नाही, म्हणूनच ती पन्नास वर्षे लक्षात राहिली, हेही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वहीचा हिशेब मीच ठेवत होतो, म्हणून सांगतो. ऑक्टोबरात थंडी पडून बाग मिटली तेव्हा सगळ्या हंगामाची बेरीज साडेसहाशे पौंडांच्या आसपास भरली, म्हणजे जेमतेम तीनशे किलो. पुण्याच्या मार्केट यार्डात एवढा माल एका टेम्पोत पहाटे येतो आणि न्याहारीच्या आत संपतो. चोवीस वाफ्यांनी भूक मिटत नाही. ती मिटवणे हे सरकारचे काम आहे, आणि दयाळू माणसांच्या बागा दाखवून सरकारने त्यातून अंग काढून घेता कामा नये. १९७२ साली आम्हाला जगवले ते दुष्काळी कामांनी आणि रेशनने, चार वाफ्यांनी नव्हे. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, हा महाराष्ट्राचा अभिमानाचा भाग आहे.

पण सरकारी मापात काय मावत नाही, तेही पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. पोटाला आधार झाला. पण रेशनवर पालेभाजी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान चारशे ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. धान्य येते पोत्यातून. भाजी पोत्यात टिकत नाही. ती जवळच पिकावी लागते आणि त्याच दिवशी पोचावी लागते. हे काम दूरच्या गोदामापेक्षा शेजारी बरे करतो.

आणि जागा आहेत. मंदिरांची आवारे आहेत, चर्चची आहेत, मशिदींची आहेत. शाळांच्या आवारात पोषण परसबागा कराव्यात, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहे. काही शाळांनी त्या सुरेख केल्या आहेत, काहींच्या फक्त फायलीत हिरव्या आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्या तर पाण्याच्या टाक्या आणि मोडक्या खुर्च्या सांभाळत बसल्या आहेत. फक्त करायचे असेल तर त्या बागेत मी जे शिकलो, ते ध्यानात ठेवावे. घेणारे जे खातात ते लावावे, आपल्याला जे शोभिवंत वाटते ते नव्हे. आपण निवडून उरलेले किडके देऊ नये. पहिली तोड द्यावी. नाव लिहू नये, फोटो काढू नये. आणि घेणाऱ्याला काही येत असेल, ते मागून घ्यावे. अट म्हणून नव्हे. ज्याला जमत नाही त्यालाही पिशवी मिळालीच पाहिजे. पण ज्याला काही परत करायचे आहे, त्याला ते करायला जागा ठेवावी. माझ्या आईला मेथीची गरज होती, तितकीच ते पातळ टोपलीत ठेवण्याचीही होती.

कराडच्या बाई ऑगस्टच्या अखेरीस गेल्या. मुलाला दुसऱ्या राज्यात, आधीपेक्षा कमी पगाराची नोकरी मिळाली आणि दोन दिवसांत त्यांना घर सोडावे लागले. निरोप घ्यायलाही वेळ नव्हता. त्यांचा डबा कोठीतच राहिला. परिचारिकाबाईंनी तो धुऊन ठेवला आणि मला विचारले, पाठवू या का? मी त्यांना आमचा नियम सांगितला, की रिकामा पाठवायचा नाही. त्यांनी बागेतल्या घेवड्याचे वाळलेले बी त्यात भरले. पण पत्ता कोणाकडेच नव्हता. नावे आम्ही लिहीतच नव्हतो.

मुलगी अजून त्याच गावात राहते. शनिवारी कधीमधी बागेत जाते. तो डबा कोठीच्या फळीवर आहे, झाकणावर लग्नात कोरलेले नाव आहे आणि ते वाचता येईल असे तिथे तिच्याशिवाय कोणी नाही. बी जुने झाले की नीट उगवत नाही. म्हणून परिचारिकाबाई दर वसंतात डब्यातले बी पेरतात आणि ऑक्टोबरात नवे भरून ठेवतात.